गटाची वाटणी

गट फार मोठा झालाय, त्याचे आता दोन करायचे, असं धाकट्या फादरनी रविवारची मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरच सांगून टाकलं. घरी येऊन कोट खुंटीला लागेपर्यंत या कुटुंबाने त्याची वाटणी करायलाही घेतली.

"फुलवाली आपल्याकडे," सूनबाईचा नवरा बुटाचे बंद सोडता सोडता म्हणाला. "ती हसते तरी. पोस्टातले साहेब तिकडे गेले तर मला काही वाईट वाटणार नाही. वाचन सुरू झालं की घोरतात."

"घोरत नाहीत, डोळे मिटून ऐकतात," सासूबाई म्हणाल्या.

"आई, नाकाने ऐकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय."

सूनबाईला हसू आलं, पण तिने ताईंकडे बघून ते गिळलं. ताई, म्हणजे तिची थोरली, शाळेत शिकवणारी नणंद, आज गप्प होत्या. टेबलावर ताटल्या मांडताना त्या प्रत्येक ताटली जरा जास्तच सरळ करत होत्या. शाळेत परीक्षेच्या दिवशी बाकं लावतात तशी.

गुरुवारचा गट म्हणजे या घराचा पाचवा खांब होता. सासूबाई इस्पितळातल्या मुख्य परिचारिकेच्या कामातून निवृत्त झाल्या आणि आयुष्यभराची पायपीट थांबल्यावर घरात करायचं काय, म्हणून त्यांनी शेजारच्या चार बायकांना बोलावलं. रविवारी चर्चमध्ये वाचलं जाणारं शुभवर्तमान आधीच वाचायचं, थोडा वेळ शांत बसायचं आणि मग ज्याला जे वाटलं ते त्याने बोलायचं. एवढंच. त्यात ना भाषण, ना प्रवचन. बायकांनी नवरे आणले, नवऱ्यांनी मित्र आणले. आता बैठकीच्या खोलीत जागा उरायची नाही आणि माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर बसायची. सासूबाई मात्र जिन्यावरच्या माणसालाही विसरायच्या नाहीत. कोण दोन गुरुवार बोललं नाही, कोणाचा आवाज आज बसका होता, हे त्यांच्या ध्यानात असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसाच्या दारात त्या उभ्या. "सहज आले," म्हणायच्या. त्या सहज कुठेच जात नाहीत, हे सगळ्या धर्मग्रामाला, चर्चच्या साऱ्या वस्तीला, ठाऊक होतं.

पण आता वय झालं होतं. एकेकाळी वॉर्डात सगळ्या खाटांकडे नजर जायची, हल्ली जिन्यापर्यंत ती पोचेनाशी झाली होती.

दाराची बेल वाजली. काका आले होते. सासऱ्यांचे धाकटे भाऊ. ते लिफ्ट दुरुस्त करणारे; निवृत्त झाले तरी बोटांच्या रेघांतलं काळं तेल काही गेलं नव्हतं. काकू गेल्यापासून ते रविवारी जेवायला यायचे, पण मिस्साला येत नसत. चर्चच्या समोरच्या फुटपाथवरून चालत यायचे आणि दारात पोचले की विचारायचे, "सुटलं का?" जणू शाळाच सुटायची होती.

"गटाची वाटणी चाललीय, काका," नवरा म्हणाला आणि म्हटल्याक्षणी जीभ चावली.

कारण काकांचं काय करायचं, हा प्रश्न फादरनी 'दोन गट' म्हटल्यापासून सगळ्यांच्याच मनात होता. काकू आजारी होत्या तेव्हा सगळा गट त्यांच्यासाठी प्रार्थना करायचा. ताई तर रोज दुपारी शाळा सुटली की त्यांच्या उशाशी जाऊन बसायच्या आणि सांगायच्या, "काकू, श्रद्धा ठेव, तू बरी होणार." काकू गेल्या. त्यानंतरच्या गुरुवारी काका गटात आले, वाचन होऊ दिलं आणि मग अगदी शांतपणे विचारलं, "इतक्या जणांनी प्रार्थना केली. मग श्रद्धा कोणाची कमी पडली? माझी, का तिची?" पोस्टातले साहेब खोकले. ताई रडत उठून आत गेल्या. पुढच्या गुरुवारी काकांनी तेच विचारलं, त्याच शब्दांत. त्याच्या पुढच्याही. मग ते यायचे थांबले, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांनी हुश्श केलं.

आता नव्या वाटणीत त्यांना कोणीतरी बोलवायला जाणार. ते कोणी, यावर सूप वाढता वाढता जो तो दुसऱ्याकडे बघत होता.

"नव्या गटाला जरा... अनुभवी माणसं हवीत," नवरा म्हणाला. "म्हणजे काका इथेच, आईजवळ बरे."

"आईला किती ओढायचं?" ताई म्हणाल्या. "नव्या गटात तरुण मंडळी असतील, त्यांना काकांचा—" त्या थांबल्या. "काकांना तरुणांचा त्रास होईल."

काकांनी पाव मोडला, सुपात बुडवला, खाल्ला. "जमीन नाही मी," ते म्हणाले. "मला वाटणीत धरू नका." चेहऱ्यावर राग नव्हता. सगळं जेवले, ताटली स्वतः धुतली आणि निघाले. दार लागलं.

मग नवऱ्याने विषय बदलायला म्हणून तोच विषय दुसऱ्या बाजूने काढला. "बरं, नवा गट ताई चालवणार, हे तर ठरलेलंच आहे."

ताईंनी मान हलवली नाही, पण पाठ ताठ झाली. मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग त्या कित्येक वर्षं चालवत होत्या. बायबलमधला कुठलाही प्रसंग विचारा, पुढचा मागचा संदर्भ तोंडपाठ. या कामावर त्यांचा हक्क आहे, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

"मी फादरना सूनबाईचं नाव दिलंय," सासूबाई म्हणाल्या.

सूनबाईच्या हातातला चमचा बशीवर आपटला.

"कोणाचं?" ताई म्हणाल्या.

"सूनबाईचं. आणि दोन गट करा, हेही फादरना मीच सांगितलं. त्यांच्यावर चिडू नका."

"पोटची मुलगी सोडून तू—" ताई उभ्या राहिल्या. "आई, ही या घरात आली तेव्हा क्रूसाची खूण करताना आधी कुठल्या खांद्याला हात लावायचा हे हिला माहीत नव्हतं! मी शिकवलं हिला!"

"तूच शिकवलंस," सासूबाई म्हणाल्या. "छान शिकवलंस."

ताईंनी पर्स उचलली. जाताना सूनबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. नवरा आईवर चिडला आणि बहिणीमागे धावला, आणि बहीण गाडीत बसून गेल्यावर परत येऊन बायकोवर चिडला. "तू नाही म्हण," तो म्हणाला. "घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच, पण हे भांडं फुटायचं लक्षण आहे."

"मी हो तरी कुठे म्हटलंय?" सूनबाई म्हणाली.

स्वयंपाकघरात सासूबाई कपडा घेऊन पेले पुसत होत्या. सूनबाई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"आई, मला नाही यायचं हे. मला दहा आज्ञा ओळीने सांगता येत नाहीत अजून. सातवी आणि आठवी उलटसुलट होतात."

"गुरुवारी आज्ञा कोण विचारतंय?"

"कोणी काही विचारलं तर?"

सासूबाईंनी पेला उजेडात धरून पाहिला. "माझा चष्मा बदलायला मी तुझ्या दुकानात आले होते ना? तू काचा बदलत होतीस आणि विचारत होतीस, 'आता बरं, की मघाशी बरं?' आणि मग गप्प. मी कितीही वेळ घेतला तरी गप्प. शेजारच्या खुर्चीवर तुझा मालक होता, तो त्याच्या गिऱ्हाईकाला सांगत होता, हे बरं दिसतंय तुम्हाला, हेच घ्या." त्यांनी पेला फडताळात ठेवला. "गटात शिकवायला फादर आहेत, ताई आहे, पुस्तकं आहेत. तिथे कोणीतरी 'आता बरं, की मघाशी?' एवढं विचारून थांबणारं लागतं. मला जमायचं ते. ताईला नाही जमत. तिच्याकडे इतकं आहे की थांबवतच नाही तिला. तिचा दोष नाही तो, ती तिच्या वडिलांवर गेलीय."

"ताईंना वाईट वाटलं, आई."

"वाटू दे. काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही," सासूबाई म्हणाल्या. पण पुढचा पेला त्यांनी दोनदा पुसला.

*

गट चालवणाऱ्यांसाठी धर्मग्रामाच्या सभागृहात बुधवारी संध्याकाळी वर्ग असायचा. सूनबाई दुकान बंद करून गेली ती 'नाही' सांगायलाच. शेवटच्या रांगेत बसून बघते तो दुसऱ्या रांगेत ताई. त्या कुठलाही वर्ग चुकवत नसत, रागावल्या म्हणून तर मुळीच नाही. सूनबाईला त्याही क्षणी त्यांचा अभिमान वाटला. त्यांच्या जागी दुसरी कोणी असती तर डोकं दुखतंय म्हणून घरी पडून राहिली असती.

धाकटे फादर नावाप्रमाणे धाकटे, उंच आणि जरा पोक काढून चालणारे होते. बोलताना हात कुठे ठेवावेत हे त्यांना कधीच कळायचं नाही. ते म्हणाले, "आज मी काही शिकवणार नाही. दोघादोघांनी समोरासमोर बसा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं. ऐकणाऱ्याने मान हलवायची नाही, हं म्हणायचं नाही, धीर द्यायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. मी घंटी वाजवेन, मग अदलाबदल. विषय: ज्या प्रार्थनेचं तुम्हाला उत्तर मिळालं नाही, ती."

खुर्च्या सरकल्या. शेजारच्याने शेजारचा धरला. शेवटी दोघीच उरल्या.

ताई आल्या, खुर्ची फिरवून समोर बसल्या आणि सूनबाईच्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे बघू लागल्या.

"मी बोलते आधी," त्या म्हणाल्या. "म्हणजे लवकर सुटेल."

पण नंतर कितीतरी वेळ काही बोलल्याच नाहीत. बाजूच्या जोड्यांची कुजबुज ऐकू येत होती. सूनबाईच्या तोंडाशी आलं होतं, 'ताई, मी नाही सांगते फादरना, तुम्हीच घ्या.' पण बोलायचं नव्हतं. तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"काकू शेवटी शेवटी भिंतीकडे तोंड करून झोपायची," ताई अचानक म्हणाल्या. "मी गेले की मोठ्या कष्टाने कूस बदलायची. मी बरी होशील म्हणायचे, ती म्हणायची, 'तू म्हणतेस तर होईन.' तिला खरं वाटायचं की नाही, कोण जाणे. मला वाटायला हवं होतं. मी घरी जाऊन तेच तेच वाचायचे. मुलांना वर्गात सांगायचे, मागा म्हणजे मिळेल. आणि मुलं विचारायची, बाई, तुमची काकू कशी आहे?" त्यांचा आवाज चिरकला. "काकांनी विचारलं ना, श्रद्धा कोणाची कमी पडली. मी उठून गेले. कारण मला वाटलं, माझी. अजून वाटतं."

सूनबाईचे डोळे भरले. हात पुढे करून ताईंचा हात धरावा, असं तिला अंगभर वाटत होतं. धीर द्यायचा नाही, फादर म्हणाले होते. ती नुसती बघत राहिली. आणि ताई भिंतीवरची नजर काढून हळूहळू तिच्याकडे बघायला लागल्या. बोलणं संपलं होतं, तरी बघत राहिल्या.

घंटी वाजली. अदलाबदल करायची होती. सूनबाईला स्वतःचं काय बोलायचं ते आठवेना.

"राहू दे," ताई म्हणाल्या. रुमालाने नाक पुसलं. "नाही सांगू नकोस फादरना."

"ताई—"

"मी अजून रागावलेली आहे. पण नाही सांगू नकोस. हे मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आली असती. बाकी कोणी मला पुरतं बोलू दिलं नसतं." त्या उठल्या, खुर्ची पूर्वीच्या जागी नेऊन सरळ रांगेत लावली. मग मागे वळून म्हणाल्या, "आणि सातवी, चोरी करू नये. आठवी, खोटी साक्ष देऊ नये. आधी हात, मग तोंड. असं लक्षात ठेव. तुझी गल्लत होते, आई बोलली मला."

*

काका जवळच्याच एका इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर राहायचे. त्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल अजूनही तेच करायचे, कोणी न सांगता. सूनबाई गेली तेव्हा ते दरवाज्याच्या सरकत्या पट्टीत ब्रशने साचलेली घाण काढत होते.

"मी गट घेतलाय," ती म्हणाली.

"ऐकलं. ताई चिडली असेल."

"चिडल्यात. येणारही आहेत. काका, गट कुठे भरवू? आमच्याकडे आईंचा आहे. ताईंचं घर लांब. फुलवालीच्या खोलीत फुलांच्या बादल्या."

काकांनी ब्रश झटकला. त्यांना कळायला वेळ लागला नाही. "नाही."

"तुमच्याकडे जागा आहे."

"नाही म्हटलं ना. मी गटात यायचं सोडलं, तर तू गटच माझ्या घरात आणतेस? हा कुठला न्याय?"

सूनबाई जिन्याच्या पायरीवर बसली. ही पायरी तिच्या ओळखीची होती; वर्गाला निघताना काकांची वाट बघत ती इथेच बसायची. लग्नाच्या आधी ती बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रौढांच्या श्रद्धावर्गाला जायची, वर्षभर, दर शनिवारी. तिच्या माहेरचं कोणी सोबत यायचं नाही, आणि नवऱ्याचं काम शनिवारीही असायचं. तेव्हा काका तिला वर्गाच्या दारापर्यंत सोडायचे आणि बाहेर बाकावर बसून राहायचे. ती बाहेर आली की म्हणायचे, "काय शिकवलं ते सांग. मी सगळं विसरलोय." मग ती चालता चालता सांगायची, आणि सांगताना तिला पहिल्यांदा कळायचं. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिच्या खांद्यावर धर्मपित्याचा हात होता तो याच माणसाचा. कोटाला तेलाचा वास येत होता म्हणून काकू त्यांच्यावर केवढ्या चिडल्या होत्या!

"काका, तुम्ही बाकावर बसलात म्हणून मी तो वर्ग पुरा केला," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात सोडणार होते. पण तुम्ही बाहेर ताटकळत बसलेले. मागच्या दाराने कशी पळणार?"

काकांनी पट्टीत ब्रश पुन्हा घातला.

"मी बोलणार नाही," ते म्हणाले.

"नका बोलू."

"प्रार्थना म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"मग मी करायचं काय?"

"दार उघडायचं. खुर्च्या द्यायच्या."

"खुर्च्या नाहीत तेवढ्या." ते लिफ्टचं दार उघडझाप करून बघत होते, दार आता आवाज न करता सरकत होतं. "ताईवर राग नाही माझा. सांग तिला. शेवटच्या दिवशी हिचे केस तिनेच विंचरले. पण ती समोर बसली की ते 'बरी होणार' कानात वाजतं. त्याला मी काय करू?"

"मलाही माहीत नाही," सूनबाई म्हणाली.

"तू धर्मशिक्षण घेतलेली बाई, आणि तुला माहीत नाही?"

"नाही ना."

काका हसले. काकू गेल्यानंतर तिने त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "मग ये," ते म्हणाले. "गुरुवारी ये."

*

गुरुवारी ताई सगळ्यांच्या आधी आल्या, दोन्ही हातांत घडीच्या खुर्च्या घेऊन. काकांनी दार उघडलं, खुर्च्या घेतल्या, "ये" म्हणाले. तेवढंच. नवराही आला होता. खरं तर त्याने आईच्या गटात राहायचं ठरवलं होतं, पण ऐन वेळी "फुलवाली तिकडे आहे" असं कारण सांगून तो बायकोच्या मागोमाग निघाला. पोस्टातले साहेब आले, आणि नव्याने राहायला आलेलं एक जोडपं.

त्या आठवड्याचं वाचन ताईंनी येतानाच पाहिलेलं दिसत होतं. त्यांनी सूनबाईला खिडकीजवळ ओढलं. "अगं, पक्षाघात झालेल्या माणसाचं आहे. चौघं त्याला खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उकलून वरून खाली सोडतात, आणि तो बरा होतो. बरा होतो! या घरात? दुसरं काही घेऊ या."

सासूबाई असत्या तर त्यांनी काय केलं असतं? "सगळीकडे आज हेच वाचतील," ती शेवटी म्हणाली. "आपण लपवलं तर काका रविवारी समोरच्या फुटपाथवरून ऐकतील."

तेवढ्यात फुलवाली धापा टाकत आली आणि खिडकीपाशी रिकामी होती त्या खुर्चीत धपकन बसली. सगळ्यांच्या माना वळल्या. ती काकूंची खुर्ची होती, सगळे तिला वळसा घालून बसले होते.

"काय झालं?" फुलवालीने विचारलं. "कोणाची आहे का?"

"बसा," काका दारातून म्हणाले. "हिची होती. मजबूत आहे."

पोस्टातल्या साहेबांनी वाचलं. त्यांचा आवाज खणखणीत होता, पत्ता वाचल्यासारखं प्रत्येक नाव सुटं सुटं. मग शांतता. सूनबाईने कोणाकडेच पाहायचं नाही असं ठरवलं आणि आपल्या हातांकडे पाहत बसली. नवऱ्याने दोनदा घसा साफ केला.

"दोराचं काम सोपं नसतं," काका म्हणाले.

त्यांनी बोलणार नाही असं सांगितलं होतं. सूनबाईने डोकं वर केलं नाही.

"चार टोकं, चार माणसं. एकाने जरा आधी सैल सोडलं की खाट कलली, आणि माणूस खाली. वर धूळ, खाली गर्दी ओरडतेय. पडायची भीती खाटेवरच्यालाच नसते, वरच्यांनाही असते."

"मग कसं करतात?" पोस्टातल्या साहेबांनी विचारलं.

"एकजण मोजतो. बाकीचे त्याच्या आवाजावर सोडतात. आपल्या मनाने कोणी सोडायचं नसतं." ते थांबले. मग आवाज खाली गेला. "आपणही उचललं होतं की हिला. सगळ्यांनी. कोणी हात काढला नाही, मी बघत होतो. पोचवलंही. ते लोक उतरवून मोकळे झाले आणि त्यांचा माणूस उठून चालायला लागला. आपला नाही."

कोणी खोकलं नाही. सूनबाईला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं, आपण गट चालवतो. तिने काकांकडे पाहिलं, आणि पाहत राहिली.

"मला माहीत नाही, काका," ताई म्हणाल्या.

काकांनी मान वळवली.

"मी पुष्कळ शोधलं. फादरना विचारलं. मला माहीत नाही तसं का झालं. मी काकूला बरी होशील म्हणाले, ते माझ्या हातातलं नव्हतं. मी तो भरवसा द्यायला नको होता."

"तू यायचीस त्या वेळेला ती केस नीट करून घ्यायची," काका म्हणाले. "दुपार झाली की विचारायची, शाळा सुटली का. दिवसभरात तेवढंच विचारायची." त्यांनी तळहाताने चेहरा पुसला. "तो द्यायला नको होता असं नको म्हणूस."

ताईंनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

"पण माझ्यात काही उरलेलं नाही," काका म्हणाले, आता सगळ्यांना. "श्रद्धा वगैरे. तुम्ही इथे या, बसा. मी त्या चौघांतला होतो, आता नाही. दोर धरायला सांगू नका मला."

"पण खाटेवरच्याची श्रद्धा होती असं कुठे आहे?" फुलवालीने विचारलं. ती काही युक्तिवाद करत नव्हती, तिला खरंच प्रश्न पडला होता. "मला तर वाचताना ऐकू नाही आलं. की मी चुकले?"

पोस्टातल्या साहेबांनी ओळींवरून बोट फिरवलं. ताईंना बघावं लागलं नाही. "नाहीये," त्या सावकाश म्हणाल्या, जणू इतकी वर्षं मुलांना शिकवलेली गोष्ट आपणच पहिल्यांदा ऐकत होत्या. "त्या चौघांची श्रद्धा बघितली, एवढंच आहे. त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. बरं व्हायचंय असंही तो म्हणत नाही."

"मग त्याने केलं काय?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," ताई म्हणाल्या. "पडून राहिला. त्यांनी नेलं तिकडे गेला."

काका खुर्चीत मागे टेकले. बाहेर लिफ्ट कोणासाठी तरी वर येत होती, तिची हलकी घरघर भिंतीतून आली. सवयीने त्यांनी कान देऊन ती ऐकली, ठीक चाललीय याची खात्री करून घेतली.

"तेवढं जमेल मला," ते म्हणाले.

सूनबाई आठवू लागली. आता काय करायचं असतं? शेवटची प्रार्थना. तिने कसंबसं विचारलं, "कोण म्हणेल?" आणि सवयीने सगळे उभे राहिले, खुर्च्या मागे सरकल्या. काका तेवढे बसून राहिले. नवऱ्याने त्यांना उठवायला हात पुढे केला, तो त्यांनी थोपटून बाजूला सारला.

"म्हणा तुम्ही," ते म्हणाले. "मी बसलोय इथेच."

ताई त्यांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुरुवात केली.